काळ्या दगडावरची रेघ

(गणेशोत्सवात विद्यार्थी व पालकांसमोर दिलेले भाषण)

उत्सवाच्या पत्रिकेत आरतीची वेळ छापली आणि पत्रिका घरोघरी गेल्यावर ती बदलली, तर घरातल्या पत्रिकेवर जुनीच वेळ राहते. पत्रिकेत ‘वेळ मंडपातील फलकावर पाहावी’ एवढेच छापले, तर सकाळी फलकावर लिहिलेली वेळ सर्वांना मिळते. दिवसभर तीही कोणी पुसत नाही.

सी शार्प या संगणकाच्या भाषेत न बदलणारा आकडा लिहिण्याच्या अशाच दोन रीती आहेत. प्रोग्राम यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणे, याला कम्पाइल करणे म्हणतात. ‘कॉन्स्ट’ आकडा त्याच वेळी, जिथे जिथे वापरला आहे तिथे तिथे उतरवला जातो. ‘स्टॅटिक रीडओन्ली’ आकडा मात्र प्रोग्राम चालू झाल्यावर एकदाच भरला जातो. पुढे तो बदलत नाही. ज्याला लागेल तो तिथे जाऊन वाचतो.

हा फरक पैशांत मोजता येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून तुपावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. समजा, एखाद्या दुकानात करांचे दर एका फाइलीत आहेत, बिलाचा प्रोग्राम दुसऱ्या फाइलीत आहे आणि दर ‘कॉन्स्ट’ म्हणून लिहिला आहे. दरांची फाइल नव्याने कम्पाइल करून बसवली, पण बिलाचा प्रोग्राम जुनाच ठेवला. मग हजार रुपयांच्या तुपावर ५० ऐवजी १२० रुपयेच कर लागत राहील. चुकीची सूचना कुठेच येणार नाही. दरांची फाइल तपासली तर तिथे ५ टक्केच दिसतील! भुर्दंड मात्र गिऱ्हाइकाला. दर ‘रीडओन्ली’ असता, तर प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करताच नवा दर लागला असता.

म्हणून विद्यार्थ्यांनो, ‘कॉन्स्ट’ ही काळ्या दगडावरची रेघ समजा. आठवड्याचे ७ दिवस, तासाची ६० मिनिटे खुशाल तशी लिहा. कराचा दर, फी, सवलत आज स्थिर दिसली, तरी उद्या बदलू शकते. असे दर तर तारखेसह डेटाबेसमध्येच ठेवावेत, कारण जुन्या बिलाला जुना दर लागतो. जो आकडा बदलण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती आहे, तो आपण दगडावर कोरू नये.

गणपती बाप्पा मोरया!