यात आमचा झिरा कुठे?

बचत गटाच्या कामानिमित्त मी सातपुड्यातल्या पाड्यांवर फिरते. आज हप्त्या-व्याजाचं नाही, नकाशाचं बोलायचंय.

२००६ च्या वनहक्क कायद्याने, गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या जंगलावर ग्रामसभा सामूहिक हक्काचा दावा करू शकते. त्यासाठी हद्दीचा नकाशा लागतो. आमच्या एका पाड्यावर समितीतल्या चार पुरुषांनी ओट्यावर बसूनच हद्दीची रेघ ओढली. गटाच्या बैठकीत आम्ही तो कागद पसरला. एक आजी म्हणाल्या, "यात आमचा झिरा कुठे?" झिरा खाली दरीत, रेघेच्या बाहेर राहिला होता. वैशाखात अख्ख्या पाड्याचं पाणी तिथूनच येतं!

मग आम्ही भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा वाचायला शिकलो. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर. तपकिरी रेघा उंचीच्या. एका रेघेवरून पुढच्या रेघेवर गेलं की वीस मीटरचा चढ किंवा उतार. रेघा दाटीने आल्या तर कडा, विरळ असल्या तर सपाटी. झिऱ्याची वाट कागदावर दोनच सेंटिमीटर, पण दहा रेघा ओलांडते. म्हणजे परतताना दोनशे मीटर चढ, तोही डोक्यावर हंडा घेऊन! पाणी असलेला ओढा नकाशात निळा, कोरडा काळा. आमचा ओढा काळा होता. त्यातला झिरा फक्त बायांनाच ठाऊक.

आम्ही आठ जणी दोन दिवस हद्द चाललो. मोहाची झाडं, चाऱ्याची धार, झिरा, प्रत्येक ठिकाणी जीपीएसवर नोंद घेतली आणि तीच वहीतही लिहिली. एक लक्षात ठेवा: दाट झाडीत, खोल दरीत यंत्र चुकतं. मोकळ्यावर थोडं थांबून, आकडा स्थिर झाला की मगच नोंद घ्या.

ग्रामसभेत आजींनी स्वतः नव्या नकाशावर झिऱ्यापाशी बोट ठेवलं. ठराव झाला, दावा पुढे गेला. निकाल यायचाय. नकाशाची प्रत गटाच्या पेटीत, पासबुकांसोबत ठेवली आहे.

बायांनो, वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असा नियमच आहे. तेव्हा कागदावर अंगठा उमटवण्याआधी विचारा, आमचं पाणी यात आहे का?