गोड्या पाण्यांतील शार्क

बीड जिल्ह्याला समुद्र नाहीं. बालाघाटाच्या या मुलुखांतून समुद्रकिनारा गांठावयाचा तर सह्याद्रि उतरून जावें लागतें. तेव्हां किनाऱ्यावर उभें राहून शार्क, म्हणजे कोंकणांतील मुशी, गळाला लावण्याच्या हौसेची गोष्ट बीडसंबंधानें काढणें कोणास थट्टेचें वाटेल. परंतु या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते; आणि तिच्या डोहांत असा एक मासा राहतो कीं, ज्याला इंग्रज शिकाऱ्यांनीं ‘गोड्या पाण्यांतील शार्क’ असेंच नांव दिलें. मराठींत त्याला शिवडा म्हणतात.

शार्कशीं शिवड्याचें नातें कांहींच नाहीं. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो, शिवड्याचा हाडांचा. आणि त्याचें गोत्र मागूर, सिंगाळा अशा मिशाळ माशांचें. अंगावर एकहि खवला नाहीं. जबडा डोळ्यांच्याहि मागें फाटत गेलेला, आणि आंत बारीक दांतांच्या दाट पट्ट्या. दिवसा तो तळाशीं पडून राहतो आणि अंधार पडला म्हणजे लहान माशांच्या मागें निघतो. मीटरभर लांब वाढणारा हा मासा किती खादाड असेल, याची कल्पना त्याच्या तोंडावरूनच येते.

मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकारी हेन्री सुलिव्हन टॉमस यांनीं १८७३ सालीं ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. गळाची शिकार हा केवळ उदरनिर्वाह नसून अभ्यासाचा छंदहि होऊं शकतो, हें त्यावरून दिसतें. शिवड्याच्या मागें येणारा पाहुणा शिकारी आजहि समुद्रकांठच्या शिकाऱ्याप्रमाणेंच वागतो. तो संध्याकाळीं वाळूवर येतो, जाड दोरीच्या टोंकाशीं पोलादी तार जोडतो, कारण नुसती दोरी त्या दांतांवर घासून तुटावयाची. मोठ्या गळाला लहान मासा लावून डोहाच्या कडेला टाकतो, आणि मग स्वस्थ बसतो. पहिला हिसका जबर असतो. त्या वेळीं जो घाईनें ओढतो, त्याच्या हातीं बहुधा रिकामा गळच येतो.

साहित्य पाहुण्याचें असतें, नदी मात्र भोयाची असते. कोणत्या डोहांत पाणी किती, वाळू कोठें खचते, मासा कोणत्या अंगानें फिरतो, हें ज्ञान त्याच्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेलें आहे. धरणांच्या जलाशयांत मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे ठेक्यानें असतो. म्हणून गळ टाकण्यापूर्वीं विचारणें हा शिष्टाचारच नव्हे, तर कर्तव्यहि होय.

शिवड्याची वीण पावसाळ्यांतली. नदी फुगून कांठावर पसरली कीं मादी उथळ पाण्याकडे येते. गोदावरीचा पूर काय असतो, हें इतिहासाला माहीत आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजीं याच जिल्ह्यांतील राक्षसभुवनाजवळ विठ्ठल सुंदर पडला आणि निजामाला तें पैलतीरावरून पाहावें लागलें. भरलेली नदी मध्यें होती. पुढें १९७६ सालीं पैठणला नाथसागर झाला, नंतर सिंदफणेवर माजलगांवचें धरण झालें. शेतीला पाणी मिळालें, हा लाभ थोडा नव्हे. पण पूर पूर्वीसारखा मोकळा राहिला नाहीं. त्यांत नदीच्या पात्रांतील वाळू उपसली जाते आणि डोहांचें रूप बदलतें. आंतरराष्ट्रीय निसर्ग-संरक्षण संघानें शिवड्याची गणना धोक्यांत येऊं लागलेल्या जातींत केली आहे.

अशा स्थितींत आषाढ-श्रावणांत गळाला लागलेली अंड्यांनीं भरलेली मादी म्हणजे एक मासा नव्हे. तिच्या पोटांत पुढच्या हंगामाचें बीज असतें. तिला सोडावयाचें असेल, तर हात ओले करावे, कल्ल्यांत बोट घालून तिला लोंबकळत धरूं नये, पोटाखालीं आधार द्यावा आणि प्रवाहाकडे तोंड करून ती आपल्या बळानें निघून जाईपर्यंत पाण्यांतच धरावी.

भोयाला मासा सोडा असें सांगणें सोपें आहे. पण त्याची चूल त्यावर पेटते. पाहुण्याचें जेवण घरीं तयार असतें. म्हणून संयमाचा पहिला वांटा पाहुण्यानेंच उचलावा, हें उचित. तो उचलला गेला, तर पुढच्या पिढीच्या भोयाच्या जाळ्यांतहि शिवडा येईल आणि पुढच्या पाहुण्यालाहि त्या वाळूवर रात्र जागवावीशी वाटेल.