वडिलांनीं जपलेली मोटार विकतांना

इंग्लंडांत ऑक्सफर्डच्या दक्षिणेस अ‍ॅबिंग्डन नांवाचें गांव आहे. तेथील एम. जी. कारखान्यांतून १९६२ सालीं 'एम. जी. बी.' ही दोन आसनांची, उघडी, वेगवान मोटार निघूं लागली. १९८० सालीं कारखानाच बंद झाला. मागाहून आलेला छपराचा प्रकार धरून तोंवर पांच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या होत्या. त्यांतील पुष्कळ आजहि धांवत आहेत, आणि कित्येक एकाच घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत.

अशा घरांतील वडील माणूस थकतें, वांकून गाडींत बसणें जमेनासें होतें, आणि ती विकण्याची वेळ मुलांवर येते. तेव्हां पहिला मोह होतो तो नवा रंग देऊन तिला सजविण्याचा. परंतु जाणत्या गिऱ्हाइकाची नजर रंगावर ठरत नाहीं. ह्या गाडीला निराळी चौकट नाहीं. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा होय. दरवाजांखालचे पोकळ उंबरे तिचें बळ धरून ठेवतात, आणि छप्पर नसल्यामुळें त्यांच्यावर भार अधिकच पडतो. हे उंबरे आंतून गंजले असतां वरून लांबी भरून रंग फासला, तर गाडी दिसावयास देखणी, पण अपघाताच्या वेळीं दुबळी ठरते. चाळीस वर्षांवरील, फारसा बदल न केलेल्या मोटारींना ब्रिटनमध्यें मे २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती उरलेली नाहीं. त्यामुळें विकणाऱ्याच्या शब्दाला अधिकच मोल आलें आहे.

म्हणून रंगाच्या डब्याआधीं कपाटांतील कागद बाहेर काढावे. कोणता उंबरा केव्हां कापून नवा जोडला, १७९८ घनसेंटिमीटरचें इंजिन मूळचेंच आहे कीं बदललेलें, हें पावत्यांवरून दाखवावें. १९८८ पासून मूळच्या साच्यांवर घडविलेला संपूर्ण नवा सांगाडाहि मिळूं लागला. तो बसविला असल्यास तेंहि मोकळेपणानें सांगावें. नोंदणीपत्रावरील नांव हा तेथें मालकीचा पुरावा मानीत नाहींत. तेव्हां खरेदीची जुनी पावती जपली असेल तर ती फार उपयोगी पडते.

दोष आधीं सांगितल्यानें किंमत थोडी उतरेल, एखादें गिऱ्हाईक परतहि जाईल. पण जें राहील तें सारें जाणून गाडी नेईल आणि तिची निगा राखील. वडिलांनीं आयुष्यभर जी वस्तु प्रामाणिकपणें सांभाळली, ती मुलांच्या हातून एका खोट्या शब्दानिशीं घराबाहेर पडूं नये.