वस्त्राची पारख : लेबलाच्या पलीकडे



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी विषय निवडला आहे तो अंगावरच्या वस्त्राचा. पाणी गाळून पिणारा, सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणारा श्रावक वस्त्राविषयी मात्र क्वचितच चौकशी करतो. रेशमाचा प्रश्न जुना आहे. कोश उकळताना आतील जीव मरतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु सुती वस्त्र आपोआप निर्दोष ठरते, ही समजूत परभणीसारख्या कापसाच्या जिल्ह्यात तरी टिकू नये. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या कापसाचेही कुठेतरी शुभ्र वस्त्रच झाले असेल.

अलीकडे बाजारात 'सेंद्रिय', 'शाश्वत', 'पर्यावरणस्नेही' अशी लेबले लावलेले कपडे येतात. त्यांची पारख कशी करावी?

आरंभ बियाण्यापासून करावा. 2002 मध्ये देशात बीटी कपाशीस परवानगी मिळाली आणि आज महाराष्ट्रातील बहुतांश कपाशी त्याच जातीची आहे. सेंद्रिय प्रमाणीकरणात मात्र जनुकीय बदल केलेले बियाणे वर्ज्य असून, पीक सेंद्रिय म्हणवण्यापूर्वी जमिनीला रूपांतराचा काळही द्यावा लागतो. म्हणजे खरा सेंद्रिय कापूस मुबलक नाही. एखादी कंपनी स्वस्तात ढिगाने 'सेंद्रिय' सदरे विकत असेल, तर शंका घेणे हा दोष नव्हे.

पुढे प्रमाणपत्र. 'गॉट्स' या आंतरराष्ट्रीय मानकात 'सेंद्रिय' शब्दासाठी किमान 95 टक्के सेंद्रिय धागा लागतो. 70 टक्क्यांच्या मालावर 'सेंद्रिय धाग्यांसह बनविलेले' एवढेच लिहिता येते. रंगरसायने, सांडपाणी व कामगारांची स्थिती हेही त्यात तपासले जाते. 'बेटर कॉटन' ही निराळी गोष्ट आहे. तेथे बीटी वर्ज्य नाही, आणि वजनाच्या ताळेबंदाची जी पद्धत त्यात चालत आली आहे, तिच्यात लेबल असलेल्या सदऱ्यात तोच कापूस असेल याची हमी नसते.

प्रमाणपत्रही डोळे मिटून घ्यावे असे नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये गॉट्सनेच जाहीर केले की भारतातील सुमारे 20,000 टन कापूस बनावट कागदांच्या आधारे सेंद्रिय म्हणून पुढे गेला होता. 11 कंपन्यांवर बंदी आली. सरकीपासून वेगळा झालेला रुई-गाठीतला कापूस डोळ्यांना सारखाच दिसतो. जिनिंगमध्ये ढीग एकत्र झाला की भेद उरतो तो फक्त कागदावर, आणि कागदच खोटा निघाला तर काहीच उरत नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये मोघम हरित दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. दाव्यास पुरावा हवा, आणि दावा संपूर्ण वस्तूचा आहे की एका भागाचा, हेही स्पष्ट हवे. एका कपाटातील दहा सदरे सेंद्रिय आणि उरलेले दुकान नेहमीचेच, अशी नाममुद्रा शाश्वत कशी म्हणावी? दर पंधरवड्याला नवी फॅशन विकणाऱ्याचा तर अपरिग्रहाशी संबंधच उरत नाही. तेथे धागा कोणता, हा प्रश्न गौण होतो.

उत्तराचा एक धागा घराजवळच आहे. परभणीच्या महेबूब बाग कापूस संशोधन केंद्राने लांब धाग्याचे देशी वाण विकसित केले आहेत. देशी कपाशी रसशोषक किडी व पाण्याचा ताण तुलनेने अधिक सोसते, म्हणून फवारणी कमी लागते. अडचण विक्रीची आहे. वेगळा खरेदीदार नसला की तो कापूसही सामान्य ढिगातच जातो.

ज्यांची कापडाची दुकाने आहेत, त्यांच्या शब्दावर गिऱ्हाईक विश्वास ठेवते. त्यांनी घाऊक व्यापाऱ्याकडे प्रमाणपत्राचा क्रमांक मागावा, तो मानकसंस्थेच्या सार्वजनिक नोंदीत पडताळावा आणि क्रमांक न देणाऱ्याचा माल 'सेंद्रिय' म्हणून मांडू नये.