सीमाशुल्काचा परतावा : पैसा नेमका कोणाचा?



भोसल्यांच्या राजवटीमुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या तंजावर जिल्ह्यात, कावेरीकाठी कुंभकोणम हे मंदिरांचे शहर वसले आहे. पितळी भांड्यांसाठी या शहराची ख्याती जुनी आहे. जवळच्या नाचियारकोविल गावातील ओतीव पितळी समयांना भौगोलिक निर्देशनाची नोंदणीही लाभली आहे. पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू असून तांब्यापितळेचे भंगार आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर आयात होते. बंदरावर भरलेले सीमाशुल्क धातूच्या भावात मिसळते आणि व्यापारी, कारागीर, दुकानदार असे टप्पे ओलांडून अखेर समई घेणाऱ्या कुटुंबापर्यंत पोहोचू शकते. परताव्याच्या कायद्यातील मूळ प्रश्न याच प्रवासातून निर्माण होतो.

समजा, चुकीच्या वर्गीकरणामुळे एका आयातदाराकडून 1 लाख रुपये जादा शुल्क वसूल झाले. संविधानाच्या अनुच्छेद 265 नुसार कायद्याच्या प्राधिकाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येत नाही. तेव्हा ही रक्कम परत मिळाली पाहिजे, हे उघड आहे. परंतु आयातदाराने ती मालाच्या किमतीत मिळवून ग्राहकाकडून आधीच वसूल केली असेल, तर परताव्यामुळे तोच पैसा त्याला दुसऱ्यांदा मिळेल. यालाच कायद्याच्या परिभाषेत ‘अन्याय्य समृद्धी’ म्हणतात.

हे टाळण्यासाठी 1991 मध्ये उत्पादन शुल्क व सीमाशुल्क कायद्यांत महत्त्वाची दुरुस्ती करण्यात आली. सीमाशुल्क अधिनियम, 1962 च्या कलम 28 डी अन्वये शुल्काचा संपूर्ण भार खरेदीदारावर टाकला गेला आहे, असे गृहीत धरले जाते. तसे घडले नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. ती पार न पडल्यास परताव्याची रक्कम सामान्यतः ग्राहक कल्याण निधीत जमा होते. व्यक्तिगत वापरासाठी केलेल्या आयातीसारखे काही अपवाद कलम 27 मध्येच दिलेले आहेत.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 1996 मध्ये मफतलाल इंडस्ट्रीज प्रकरणात बहुमताने हे तत्त्व ग्राह्य धरले. आयात केलेला कच्चा माल न विकता स्वतःच्याच कारखान्यात वापरला तर काय, हा प्रश्न पुढे सोलर पेस्टिसाइड प्रकरणात उपस्थित झाला. तेथेही आयात माल तांब्याचे भंगारच होते. शुल्काचा भार तयार मालाच्या किमतीतूनही पुढे सरकू शकतो, म्हणून अशा आयातीलाही हे तत्त्व लागू पडते, असा निर्णय न्यायालयाने 2000 मध्ये दिला.

कार्यपद्धतीच्या अटीही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. कलम 27 खालील अर्ज सर्वसाधारणपणे शुल्क भरल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. 2011 पूर्वी बहुतेक आयातदारांना ही मुदत सहा महिन्यांची होती. केवळ अर्ज करणे पुरेसे नाही. मूळ शुल्कनिर्धारणात अपिलाद्वारे किंवा अन्य वैध मार्गाने बदल करून घेतल्याशिवाय परतावा मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये आयटीसी प्रकरणात स्पष्ट केले. दुसरीकडे, परिपूर्ण अर्जानंतर तीन महिन्यांत मंजूर परतावा न दिल्यास शासनाला व्याज द्यावे लागते. अडकलेले खेळते भांडवल ही लहान आयातदाराची मोठी अडचण असल्याने या तरतुदीचे मोल विशेष आहे.

वस्तू व सेवा कर 2017 मध्ये लागू झाल्यानंतर आयातीवरील एकात्मिक कराची वजावट नोंदणीकृत व्यावसायिकाला पात्रतेनुसार मिळते. मूळ सीमाशुल्काची मात्र अशी वजावट मिळत नाही. ते खर्चात मिसळते आणि म्हणूनच परताव्याचा वाद आजही संपलेला नाही.

आता पुन्हा कुंभकोणमच्या कारागिराकडे वळू. कलम 27 मध्ये शुल्क भरणाऱ्याबरोबरच शुल्काचा भार सोसणाऱ्या खरेदीदारालाही दाव्याचा हक्क दिला आहे. त्यासाठी त्याने हा भार पुढे ढकललेला नसावा, ही अट आहे. विक्रीच्या कागदपत्रांवर शुल्काची रक्कम दाखवण्याचे बंधन कलम 28 सी ने शुल्क भरणाऱ्यावर घातले आहे. परंतु धातू अनेक हातांतून गेला आणि वितळून समई झाला, की त्यातील शुल्काचा हिशेब लावणे जवळजवळ अशक्य होते. कागदावरचा हक्क अशा वेळी हाती येत नाही. ग्राहक कल्याण निधी ही तडजोड यासाठीच आहे. ज्यांचा पैसा गेला त्यांना तो व्यक्तिशः परत देता येत नसेल, तर निदान तो ग्राहकांच्या सामूहिक हितासाठी खर्च व्हावा, असा तिचा हेतू आहे.

परीक्षेच्या दृष्टीने कलमे आणि वर्षे लक्षात ठेवणे आवश्यकच आहे. तथापि कर कोणी भरला आणि कर कोणी सोसला, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे ध्यानी आल्याशिवाय परताव्याचे तत्त्व समजणार नाही. पहिल्याचे उत्तर बंदरावरील पावती देते. दुसऱ्याचे उत्तर मात्र बाजारात शोधावे लागते आणि परताव्यावरील हक्क त्याच उत्तरावर ठरतो.