बांधावरची झाडं
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहितो आणि माझी पदवी बी.ए.ची आहे. तेव्हा गणितावर हा काय बोलणार, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. गझलेच्या मात्रा मोजणं एवढंच माझं गणित उरलं आहे, हेही कबूल करतो. पण बारावीला मी शास्त्र शाखेत होतो, गणित माझा आवडीचा विषय होता आणि फलटणमध्ये मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला नावही घातलं होतं. ते वर्ष १९८८.

आम्ही बागवान. अब्बांचा धंदा फळांचा. शेतकऱ्याची बाग उक्ती घ्यायची, म्हणजे माल झाडावर असतानाच नजरेनं अंदाज बांधून भाव ठरवायचा आणि इसार द्यायचा. मग तोडणी, राखण, विक्री सगळं आपलं. अंदाज बरोबर आला तर वर्ष निघालं, चुकला तर घरातली भांडी निघाली. त्या वर्षी पेरूच्या एका बागेत अब्बांचा अंदाज चुकला. कर्ज झालं. दुपारचे प्रॅक्टिकल सोडून मला गाड्यावर बसावं लागलं. पुढच्या जूनमध्ये मी सकाळच्या तासांना बसून उरकता येईल अशा बी.ए.ला गेलो. त्याची खंत आता नाही. कविता तिथंच भेटली.

हे सगळं आठवायचं कारण माझी भाची. ती साताऱ्याला गणितात एम.एस्सी. करते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३ पासून महाराष्ट्रात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षातच ‘ऑन द जॉब ट्रेनिंग’ आलं आहे. मुलं त्याला ओजेटी म्हणतात. चार क्रेडिट, म्हणजे १२० तास प्रत्यक्ष कामावर जायचं, अहवाल लिहायचा, गुण मिळवायचे. आता गणिताच्या मुलांनी जायचं कुठं? रसायनशास्त्राच्या मुलाला कारखान्याची प्रयोगशाळा आहे. गणिताच्या मुलीला लोक विचारतात, ‘म्हणजे शिकवण्या घेणार का?’ तिच्याबरोबरच्या काहींनी ओळखीच्या पतसंस्थेत आठवडाभर झेरॉक्स काढल्या आणि प्रमाणपत्र आणलं. असं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

आमच्या भाचीला फलटण तालुक्यातल्या डाळिंब बागायतदारांच्या एका गटात काम मिळालं. व्यापाऱ्याशी बोलणी करण्याआधी झाडावर माल किती आहे, याचा अंदाज त्यांना हवा होता. तिचे वडील वैतागले. ‘मुलीला गणित शिकायला पाठवलं, डाळिंबं मोजायला नाही,’ असं मला फोनवर म्हणाले.

बाग ६४० झाडांची. एवढी सगळी झाडं मोजणार कोण? तिनं पुस्तकात शिकल्याप्रमाणे दर विसावं झाड घेतलं. ३२ झाडं झाली. सरासरी ११० फळं भरली. ६४० गुणिले ११०, म्हणजे ७०,४०० फळं. रविवारी ती आजोळी आली आणि वही घेऊन अब्बांजवळ बसली. अब्बांचं वय आता ऐंशीच्या पुढं आहे. डोळ्यांना कमी दिसतं, पण ऐकू नीट येतं. त्यांनी विचारलं, ‘एका ओळीत झाडं किती?’ ती म्हणाली, ‘वीस.’ अब्बा थोडा वेळ गप्प बसले. आमच्या घरात दखनी बोलतात, मी मराठीत सांगतो. ते म्हणाले, ‘मग तू सगळी बांधावरचीच झाडं मोजलीस, बेटा.’

खरंच तसं झालं होतं. ओळीत वीस झाडं आणि ती घेणार दर विसावं, म्हणजे प्रत्येक ओळीतलं शेवटचं झाड. शेवटच्या झाडाला एका अंगानं मोकळं ऊन, मुळांना पसरायला जागा. ते झाड लगडणारच. संख्याशास्त्राच्या पुस्तकात या धोक्याबद्दल एक परिच्छेद असतो, तो तिनं परीक्षेत लिहिलाही होता. बागेत मात्र तो आठवला नाही.

मग अब्बांनी १९८८ सालची ती पेरूची बाग सांगितली. मला ती हकिगत अशी पहिल्यांदाच कळली. पाऊस झाला होता, आत गुडघाभर चिखल. अब्बा बांधावरूनच फिरले आणि इसार देऊन आले. मधली झाडं निम्मीही भरलेली नव्हती. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की भाव पडला म्हणून बुडालो.

भाची दुसऱ्या दिवशी परत बागेत गेली. ६४० चिठ्ठ्या केल्या, त्यातल्या ३२ उचलल्या आणि त्या त्या क्रमांकाची झाडं मोजली. सरासरी ८४ आली, म्हणजे ५३,७६०. आधीच्या अंदाजापेक्षा १६,६४० फळं कमी. पाव किलोचं एक फळ धरलं तरी हा चार टनांचा फरक आहे. मार्चमध्ये तोडणी झाली तेव्हा माल ५१ हजारांच्या आसपास भरला.

श्रोतेहो, चिठ्ठ्या टाकून पीक मोजणं हे काही पोरखेळ नव्हे. आपल्याच सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात बुध नावाचं गाव आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म तिथं १९११ साली झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकून ते लंडनला गेले, संख्याशास्त्रात डॉक्टरेट घेतली. परत आल्यावर भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पिकांच्या उत्पादनाचा अंदाज बांधण्याची पद्धत रुजवली. गावातलं शेत चिठ्ठीनं निवडायचं, त्या शेतातला तुकडाही तसाच निवडायचा, तेवढाच कापून, मळून तोलायचा. पुढं १९५१ साली ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. एवढ्या मोठ्या माणसाचं गणित शेवटी शेताच्या मधोमध जाऊन उभं राहिलं होतं.

इंग्लंडमधल्या अनेक विद्यापीठांत गणिताची पदवी चार वर्षांची घेता येते. तिसरं वर्ष पूर्ण कामावर, विमा कंपनीत, बँकेत, कुठंही, पगार घेऊन. मग शेवटच्या वर्षाला परत वर्गात. आपल्याकडे पुण्यात अभियांत्रिकीला असा ‘सँडविच’ अभ्यासक्रम अनेक वर्षं होता. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. पदवीधर अभियंत्यांना त्यात १९७३ च्या दुरुस्तीनं जागा मिळाली. गणिताच्या किंवा इतिहासाच्या पदवीधराला मात्र २०१४ ची दुरुस्ती होईपर्यंत थांबावं लागलं. एवढी वर्षं आपण धरून चाललो होतो की गणितवाल्याला हात नसतात.

कर्मवीर भाऊरावांच्या जिल्ह्यात ‘कमवा आणि शिका’ नवं नाही. त्या योजनेनं हजारो मुलं शिकली. पण तिथं काम करायचं ते शिकता यावं म्हणून. कामातून तोच विषय शिकायचा, ही गोष्ट वेगळी आहे. मी गाड्यावर बसून तीन वर्षं तराजू धरला, त्याचं कुणी क्रेडिट दिलं नाही. द्यावं असं त्या वेळी मलाही सुचलं नसतं.

माझं मत विचाराल तर १२० तास फार थोडे आहेत. पहिली चूक व्हायलाच तेवढे लागतात. वर्ष द्यायला हवं. पण ते बिनपगारी असेल तर आमच्यासारख्या घरातली मुलं पुन्हा गाड्यावरच बसतील. आणि मुलगी असेल तर ‘एक वर्ष लांबलं’ म्हणून लग्नाची घाई सुरू होईल. भाचीला आता पुण्यात सहा महिन्यांचं असंच काम मिळतंय, विम्याच्या हिशेबाचं. वडिलांनी अजून हो म्हटलेलं नाही. विद्यावेतन किती, एवढं मात्र त्यांनी दोनदा विचारलं.

ओजेटीचा अहवाल तिनं इंग्रजीत लिहिला आणि अब्बांना मराठी करून वाचून दाखवला. ‘३२ झाडे मोजली’ असं वाक्य आलं तेव्हा अब्बांनी तिला थांबवलं. ‘दोनदा मोजली असं लिही. पहिल्यांदा कशी चुकली तेही लिही.’ गुण कमी होतील म्हणून ती का कू करत होती. मग लिहिलं, सव्वा पान. सरांनी त्याला किती गुण दिले ते अजून कळलेलं नाही.