लक्ष टिकतं कशानं?

1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी सुरू केली आणि 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्यामुळे जालन्याचं नाव दूरवर गेलं. पण हा सगळा व्यवसाय ज्या कामावर उभा आहे, ते काम शेतात, वाकून, नखांनी होतं. त्याला सगळे ‘क्रॉसिंग’ म्हणतात. एकाग्रतेचा विचार करायला इतकं चांगलं उदाहरण दुसरं मिळणार नाही.

कपाशीचं फूल बहुतांशी स्वतःच्याच परागानं फळतं. त्यामुळे संकरित बी हवं असेल, तर मादी वाणाच्या फुलातले पुंकेसर फूल उमलायच्या आधीच काढून टाकावे लागतात. दुपार कलली की बाया मादीच्या ओळींत शिरतात. हिरव्या गर्दीतून उद्या सकाळी उमलणारी कळी नेमकी हेरायची. आजची नको, परवाची नको. अंगठ्याचं नख लावून पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी अलगद सोलून काढायची. आतल्या कुक्षीला धक्का लागता कामा नये. मग त्या कळीवर लाल कागदाची टोपी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नराची फुलं तोडून आणायची आणि एकेका टोपीखालच्या कुक्षीवर पराग लावत जायचं. एका नरफुलात चार-पाच मादी फुलं होतात. पराग लागला की देठाला दोरा बांधायचा. हे जवळजवळ दोन महिने, रोज.

नजरचुकीनं एक कळी राहून गेली की तिचं बोंड स्वतःच्याच परागानं धरतं आणि बियाण्यात भेसळ होते. प्रमाणित संकरित कापूस बियाण्यात किमान 90 टक्के जनुकीय शुद्धता लागते. ती तपासायची तर बी पेरून, झाडं वाढवून पाहावं लागतं. म्हणजे भाद्रपदात एखाद्या बाईचं लक्ष ढळलं, तर ते कळायला कित्येक महिने जातात.

इतक्या नाजूक कामात लक्ष टिकतं कसं? या बाया स्वभावतःच शांत, स्थिर असतात म्हणून टिकतं, असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. त्यांच्याही घरी आजारपणं आहेत, कर्जं आहेत, मुलांच्या परीक्षा आहेत. खरं कारण कामाच्या मांडणीत आहे. तिथं आठवणीवर काहीच सोडलेलं नाही. कोणती कळी सोललेली आहे ते लाल टोपी सांगते, पराग कुठं लागला ते दोरा सांगतो. टोमॅटोच्या बीजोत्पादनात निदलं कातरून ठेवतात, म्हणजे तोडणीच्या वेळी संकरित फळ लगेच ओळखू येतं. मनाला फक्त हातातल्या कळीपुरतं हजर राहायचं असतं. शिवाय दुपारी सोलणं आणि सकाळी परागण, ही दोन कामं वेळेनंच वेगळी केलेली आहेत. ओळ कुठं संपते ते डोळ्यांना दिसतं. आणि हे सगळं चालू असताना तोंडानं गप्पा चाललेल्या असतात. एखादा मुकादम त्या गप्पांवर चिडतो. त्यानं चिडू नये, आणि त्याचं कारण इंग्लंडमधल्या एका प्रयोगात सापडतं.

दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यासमोर बसलेले जवान पाणबुडीची खूण चुकवत होते. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं त्यासाठी एक घड्याळ तयार केलं. त्याचा काटा सेकंदाला एक उडी घ्यायचा आणि अधूनमधून दुप्पट उडी मारायचा. ती दुप्पट उडी टिपणं एवढंच काम, सलग दोन तास. तरबेज माणसांचंही लक्ष पहिल्या अर्ध्या तासातच घसरलं. अर्धा तास काम आणि अर्धा तास विश्रांती असं आलटून पालटून दिल्यावर ही घसरण थांबली. मधेच फोनवर कोणी दोन शब्द बोललं, तरी लक्ष पुन्हा ताजं व्हायचं. कंटाळवाण्या कामात माणसाचा आवाज हा व्यत्यय नसतो, आधार असतो.

मॅकवर्थचा या प्रयोगावरचा शोधनिबंध 1948 साली छापून आला. त्याच वर्षी आपल्याकडे कारखाने अधिनियम झाला आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेण्याआधी किमान अर्ध्या तासाची सुट्टी द्यावी, असं बंधन त्यानं घातलं. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई बनवणाऱ्या कारखान्यांसाठी लक्ष टिकण्याचा हा प्रश्न थेट जिवाचा आहे. भंगारात एखादा बंद डबा किंवा ओल राहिली आणि तो माल तापलेल्या भट्टीत पडला, तर स्फोट होतो. तो डबा वेळीच दिसणं म्हणजे मॅकवर्थच्या काट्याची दुप्पट उडी टिपणं आहे. हजार वेळा काही सापडत नाही, आणि एकदा सापडायलाच हवं असतं. रात्रपाळीत, पहाटे तीन-चारला, शरीरच झोप मागत असताना ‘लक्ष देऊन काम करा’ ही भिंतीवरची पाटी काय करणार? तिथं माणसं पाळीपाळीनं बदलायला हवीत, भंगार कोरड्या शेडमध्ये ठेवायला हवं आणि एकाच्या नजरेवर दुसऱ्याची नजर हवी. रेल्वेत लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्यानं सांगतात, ते याचसाठी. जपानी रेल्वेत सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्यानं उच्चारण्याची पद्धत आहे. तिथल्या एका प्रयोगात दर शंभर कृतींमागच्या चुका 2.38 वरून 0.38 वर आल्या.

टेबलावर बसून करायच्या कामाचं काय? त्यासाठी याच जिल्ह्यातल्या एका जुन्या माणसाकडे जाता येतं. घनसावंगी तालुक्यातल्या जांब इथे 1608 साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक अख्खा समास लिहिला आहे. अध्यात्माच्या ग्रंथात हा समास थोडा अनपेक्षित वाटतो, म्हणून अनेकजण तो ओलांडून पुढे जातात. त्यांनी थांबून वाचावा. पोथीचं पहिलं अक्षर जसं, तसंच शेवटचं अक्षर यावं, सगळी पोथी एकाच टाकानं लिहिल्यासारखी दिसावी, अशी समर्थांची अपेक्षा आहे. पण ते मनोनिग्रहाचा उपदेश करून मोकळे होत नाहीत. बरू, चाकू, कातरी, शाई, कागद यांची जमवाजमव आधी करायला सांगतात. कडेनं जागा सोडायला सांगतात. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, हेही बजावतात. काम सुरू झाल्यावर उठावं लागू नये, याची सोय आधी.

आज आपलं टेबल नेमकं उलटं मांडलेलं असतं. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ग्लोरिया मार्क यांनी कार्यालयात काम करणाऱ्यांचं निरीक्षण केलं, तेव्हा 2004 साली माणूस पडद्यावरच्या एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटं थांबत होता. पुढच्या काळात ही सरासरी 47 सेकंदांवर आली. सोफी लेरॉय या संशोधिकेनं 2009 साली दाखवून दिलं, की एक काम अर्धवट टाकून दुसरं हातात घेतलं की मनाचा एक भाग पहिल्याच कामात अडकून राहतो. तलाठी कार्यालयात एका नोंदीच्या मधे चार जणांना उत्तरं देणारा कर्मचारी घ्या, किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत फोन पालथा ठेवून बसलेला मुलगा घ्या. दोघांनाही आळशी म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांच्या देठाला दोरा बांधलेला नाही, इतकंच. काम सोडून उठण्याआधी ‘इथवर झालं, पुढे हे’ अशी एक ओळ कागदावर लिहिली, तर परत आल्यावर शोधाशोध वाचते. अभ्यागतांसाठी ठरावीक तास ठेवले, तर उरलेल्या तासांत नोंदी बिनचूक होतात. फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं हे तर कोणालाही आज रात्रीपासून जमेल.

आणि एक गोष्ट, जिच्याकडे आपलं अजिबात लक्ष नाही. चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसू लागतं. आसाममधल्या चहाच्या मळ्यात चाळीस वर्षांवरच्या 751 मजुरांवर एक अभ्यास झाला आणि तो 2018 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा चष्मा दिला, त्यांची पानतोडणी चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे 21.7 टक्क्यांनी जास्त वाढली. कळीतली कुक्षी न दुखावता नळी सोलणं हे पानतोडणीहून बारीक काम आहे. जालन्यात श्री गणपती नेत्रालयासारखं डोळ्यांचं मोठं रुग्णालय आहे, आणि बियाण्याच्या कंपन्याही इथंच आहेत. श्रावण लागून क्रॉसिंग सुरू होण्याआधी गावोगावी मजूर बायांची नजर तपासावी आणि चष्म्याचा खर्च कंपन्यांनी उचलावा. पुढच्या हंगामाला अजून वेळ आहे, आणि हे काम हाती घेऊ शकतील अशी बरीच माणसं आज या सभागृहात बसली आहेत.